सेफ्टी पिनचा शोध नेमका कोणाचा, आणि त्याआधी आपल्याकडे काय वापरत होते?

प्रश्न: शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

सर्वांना नमस्कार. मी सेलू तालुक्यातील एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या सातवीच्या मुलींनी या वर्षी सेफ्टी पिन हा विषय घेतला आहे. विषय मी दिलेला नाही. मधल्या सुट्टीत एकीच्या चपलेचा अंगठा तुटला, दुसरीने ओढणीची पिन काढून तो जागच्या जागी जोडून दिला आणि तिसरीने विचारले, "बाई, ही पिन पहिल्यांदा कोणी केली?" मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी मी मुलींना घरी जाऊन आईच्या अंगावरच्या पिना मोजून यायला सांगितले. पदराला एक, निऱ्यांना एक, मंगळसूत्रात दोन-तीन, बांगडीत अडकवलेल्या आणखी दोन-चार, असे हिशेब दुसऱ्या दिवशी वह्यांत उतरून आले. एका मुलीच्या आजीने मात्र तिला सांगितले की, मी जन्मभर नऊवारी नेसले, मला पिनेची गरज कधी पडली नाही.

आता तक्ता तयार करायचा आहे आणि माहिती जमवताना माझा गोंधळ झाला आहे. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकी माणसाने १५ डॉलरचे कर्ज फेडण्यासाठी पिनेचा शोध लावला आणि त्याचे हक्क ४०० डॉलरला विकले, असे एका ठिकाणी वाचले. ते हक्क डब्ल्यू. आर. ग्रेस नावाच्या कंपनीने घेतले, असेही त्यात होते. दुसरीकडे अशा पिना रोमन लोकांकडे दोन हजार वर्षांपूर्वीच होत्या असे लिहिलेले आढळले. मुलींना चुकीचे काही लिहायला लावणे मला नको आहे. म्हणून विचारते: ही ४०० डॉलरची गोष्ट कितपत खरी मानावी? पिन जर आधीपासून होती, तर हंट यांच्या पिनेत नवे काय होते? आणि आजीबाईंच्या बोलण्याला धरून, पिन येण्यापूर्वी आपल्याकडची वस्त्रे कशाच्या आधाराने अंगावर टिकत होती?

उत्तर: निवृत्त यंत्र अभियांत्रिकी प्राध्यापक, नांदेड

ताई, पेटंटपासून सुरुवात करतो, कारण ते कागदोपत्री आहे आणि त्यात वादाला जागा नाही. वॉल्टर हंट यांना अमेरिकेचे पेटंट क्रमांक ६२८१ हे १० एप्रिल १८४९ रोजी मिळाले. त्यात वस्तूचे नाव 'सेफ्टी पिन' असे नाही, 'ड्रेस पिन' म्हणजे कपड्याची पिन असे आहे. हंट यांचा जन्म १७९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाला आणि १८५९ मध्ये न्यूयॉर्क शहरात त्यांचा मृत्यू झाला. अंबाडीसारख्या जवसाच्या धाग्याचे कताईयंत्र, चाकूला धार लावण्याचे साधन, शाईचे पेन, कागदी कॉलर, एकामागून एक गोळ्या झाडणारी बंदूक अशा असंख्य वस्तू या एका माणसाने घडवल्या. हात सोन्याचे, पण पैसा हाताला लागला नाही. हक्क विकायचे, आलेल्या पैशांत पुढच्या कल्पनेला लागायचे, अशीच त्यांची सारी हयात गेली.

४०० डॉलरची गोष्ट अशी सांगितली जाते की, हंट यांच्यावर पेटंटची चित्रे काढून देणाऱ्या नकाशाकाराचे १५ डॉलरचे देणे होते. तारेच्या तुकड्यापासून काही उपयोगी वस्तू करून दाखवली तर तिच्या हक्कांचे ४०० डॉलर मिळतील असा प्रस्ताव पुढे आला, आणि तीनेक तास तार वाकवत बसल्यावर ही पिन तयार झाली. हक्क विकले गेले, यात शंका नाही. ते कोणाला विकले, हेही पेटंटच्या कागदावरच लिहिलेले आहे: विल्यम रिचर्डसन आणि जॉन रिचर्डसन. त्यामुळे ग्रेस कंपनीचे नाव तक्त्यावर मुळीच घालू नका. ती कंपनी सुरू झाली १८५४ मध्ये, म्हणजे पेटंटनंतर पाच वर्षांनी, आणि तिचे संस्थापक १८३२ मध्ये जन्मले, म्हणजे १८४९ साली ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. जी कंपनी अस्तित्वातच नव्हती ती हक्क कशी विकत घेईल? चूक एकाने केली आणि पुढच्या प्रत्येकाने ती तशीच उतरवून घेतली, हे उघड आहे. नकाशाकार, १५ डॉलर आणि तीन तास हा भाग 'असे सांगितले जाते' या शब्दांनी लिहावा, एवढे माझे मत.

आता नवे काय होते. साधी टाचणी कापडात टिकते ती केवळ घर्षणावर, म्हणून ती सरकते, गळून पडते आणि तिचे टोक उघडे असल्याने टोचते. हंट यांनी तारेचा एकच अखंड तुकडा वापरून मधोमध वेटोळे घातले, एका टोकाला अणी ठेवली आणि दुसऱ्या टोकाला तीच तार वाकवून अणी अडकवण्याची कडी केली. वेगळा खिळा नाही, बिजागरी नाही, झिजून सैल होईल असा सांधा नाही. आणि हाच मुद्दा त्यांनी अर्जात आवर्जून मांडला आहे. बोटाला इजा न होता पिन लावता येते, हेही त्यात नमूद आहे.

वेटोळे हा या वस्तूचा जीव आहे. तार नुसती मधोमध दुमडली तर सगळा ताण त्या दुमडीच्या एका बिंदूवर येतो, तिथे धातू आपल्या लवचीकतेची मर्यादा ओलांडतो आणि वाकला तो वाकलाच राहतो. वेटोळ्यात मात्र तेच वाकणे तारेच्या बऱ्याच लांबीवर वाटले जाते. प्रत्येक भाग थोडाथोडा वाकतो, मर्यादेच्या आत राहतो आणि सोडल्याबरोबर मूळ जागी यायला धडपडतो. बंद पिनेत अणी टोपणाच्या आतून सतत बाहेर रेटत असते ती यामुळेच. आणखी एक गोष्ट मुलींना हातात पिन देऊन दाखवा. पिन उघडायची तर आधी अणीची भुजा आत दाबावी लागते आणि मग बाजूला काढावी लागते. दोन दिशांच्या या दोन हालचाली बोटे सहज करतात. पदराला बसलेला हिसका मात्र एकाच दिशेने ओढतो, त्यामुळे पिन आपोआप उघडत नाही.

हल्लीच्या पिनेला पत्र्याचे जे घडवलेले टोपण असते, ते हंट यांच्या मूळ चित्रात नाही. ती पुढची सुधारणा आहे.

उत्तर: महिलांचे कपडे शिवणारी, जालना

बाई, तुमच्या आजीबाईंचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, आणि तक्त्यावर ते ठळक लिहावे अशी माझी विनंती आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ शिवणकाम करते आणि जुन्या बायकांची लुगडी-चोळ्या हाताळलेल्या आहेत. नऊवारी लुगडे हे नेसण्याच्या पद्धतीनेच बांधलेले असते. कमरेशी पहिला वेढा घेऊन घट्ट गाठ मारली जाते, निऱ्या खोचल्या जातात, कासोटा मागे नेऊन कमरेला घट्ट बसवला जातो, आणि पदर अंगाभोवती घेऊन कमरेला खोचला की बाई दिवसभर कापूस वेचो, निंदणी करो की डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चालो, काही सुटत नाही. चोळीला पुढे गाठ असायची. पुरुषांच्या बाराबंदीला बंद, बंडीला गुंडी आणि तिचा फासा, लहान बाळाच्या झबल्याला मागे बांधायचे बंद. बाळंतिणीच्या खोलीत पिन नको, असे माझी सासू अजूनही सांगते, आणि बाळाच्या अंगाला बंदच बरे हे मलाही पटते.

पिनेची गरज पडली ती पाचवारी आल्यावर. गोल साडीत कासोटा नाही, पदर खांद्यावर नुसता टाकलेला असतो आणि तो कुठेही खोचलेला नसतो. घरात चालून जाते. पण बाई शाळेत शिकवायला, दवाखान्यात, कचेरीत जाऊ लागली, बसची दांडी धरून उभी राहू लागली, तेव्हा खांद्यावरचा पदर एका जागी धरून ठेवणारे काहीतरी हवेच होते. त्यात टेरिकॉट, नायलॉन, जॉर्जेट अशी गुळगुळीत कापडे आली. सुती लुगडे स्वतःच अंगाला धरून राहते. हे कापड धरत नाही, निसटते. माझ्या दुकानात येणाऱ्या वयस्कर बायका झंपर शिवून घेतात, त्या पदराला पिन लावतच नाहीत आणि त्यांच्या सुनांचे पिनेवाचून चालत नाही. फरक वयाचा नाही, नेसण्याचा आणि कापडाचा आहे.

दुसरी गोष्ट वेटोळ्याची. सरांनी त्याला पिनेचा जीव म्हटले, ते मान्य. पण साडीचा जीवही तिथेच जातो. माझ्या लग्नातल्या पैठणीच्या पदराला मी घाईत पिन लावली. कापड सरकत सरकत वेटोळ्याच्या फटीत शिरले आणि पिन काढताना जरीचे दोन धागे ओढून निघाले. ते धागे परत बसवता येत नाहीत, आजही त्या जागी बोट फिरवले की खडबड लागते. तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगते: पिन कापडात घालण्यापूर्वी तिच्या अणीवरून एक बारीक मणी ओवून वेटोळ्यापर्यंत सरकवा. मणी वाटेत आडवा राहतो आणि कापड वेटोळ्यापर्यंत पोचत नाही. मणी नसेल तर जाड कापडाचा नखाएवढा तुकडा ओवला तरी काम भागते. रेशमाला पितळी पिन घ्यावी. लोखंडी पिनेचा मुलामा घामाने गेला की गंजाचा डाग पडतो आणि तो धुवून जात नाही.

पिनेचे आणखी एक काम तक्त्यावर असावे. परकराची नाडी नेफ्यातून ओवायला आम्ही पिनच वापरतो. नाडीच्या टोकाला लावायची आणि नेफ्यावरून चाचपत पुढे सरकवायची. आई पूर्वी यासाठी खराट्याची काडी वापरायची आणि ती निम्म्या वाटेत मोडायची.

आणि सर, एक विचारायचे आहे. शिलाई मशीनच्या शोधातही याच हंट यांचे नाव मी ऐकले आहे. ते हेच का?

उत्तर: इतिहासाचा अभ्यासक, तेर (जि. धाराशिव)

शिलाई मशीनचे उत्तर सर देतीलच. मी शिक्षिकाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण वेटोळे हंट यांनीच पहिल्यांदा घातले असा समज सरांच्या उत्तरातून होऊ शकतो आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

वस्त्र अडकवण्याच्या अशा पिनेला लॅटिनमध्ये 'फिबुला' म्हणत. ग्रीस आणि इटली या भागांत इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या सुमारासच्या काशाच्या फिबुला सापडल्या आहेत. त्यांतील सर्वांत जुना प्रकार सारंगीच्या गजासारखा दिसतो: एकच तार, एका टोकाला वेटोळे, दुसऱ्या टोकाला अणी अडकवण्याची खोबण. म्हणजे एकसंध तार, वेटोळे आणि अणी झाकणारी कडी या तिन्ही गोष्टी हंट यांच्यापूर्वी तीन हजार वर्षे माणसाला ठाऊक होत्या. रोमन लोक खांद्यावर झगा अडकवायला फिबुला वापरत, सैनिकांच्याही खांद्यावर ती असे. पुढे तिचे रूप दागिन्याकडे झुकले, वेटोळ्याची जागा बिजागरीने घेतली, आणि युरोपात रोजच्या कपड्यांना साधी टाचणीच वापरात राहिली. हंट यांना फिबुला माहीत होती की नव्हती, याने त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. यंत्रावर हजारांनी काढता येईल अशी, कोणालाही परवडणारी, केवळ कामाची पिन त्यांच्या आराखड्यातून आली. पण 'शोध लावला' याऐवजी 'आजच्या रूपातील पिनेचे पेटंट घेतले' असे लिहिले तर वाक्य अचूक होईल. त्याच १८४९ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स रोवली यांनीही अशाच पिनेचे पेटंट घेतले होते, हेही शेजारी लिहावे.

आमचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नावे पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात येतात आणि येथून कापड भडोचच्या बंदराकडे जात होते, असे त्यात नोंदवले आहे. मला यातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या रोमन जगात वस्त्र खांद्यावर पिनेने अडकवत, त्याच जगाला मराठवाड्यातून कापड जात होते, आणि ते कापड विणणारे लोक स्वतः मात्र गाठीने आणि खोचण्याने वस्त्र नेसत होते. वेरूळची शिल्पे जवळून पाहा. कमरेला मेखला, तिच्याखाली वस्त्राची गाठ, तिचे खाली लोंबणारे सोगे इतके नीट कोरले आहेत की गाठ कोणत्या बाजूला आहे हेही सांगता येते. जालन्याच्या ताईंनी लुगड्याबद्दल जे लिहिले, त्याची मुळे इतकी मागे जातात. ही पिनेची उणीव नव्हती. वस्त्र लांब आणि न शिवलेले असले, की त्याचे टोक त्याच वस्त्रात अडकवता येते.

उत्तर: निवृत्त यंत्र अभियांत्रिकी प्राध्यापक, नांदेड

तेरच्या मित्राची दुरुस्ती मला मान्य आहे. 'नवे' हा शब्द मी पेटंटच्या भाषेत वापरला होता, पण मुलींसाठी त्यांचेच वाक्य योग्य ठरेल.

जालन्याच्या ताई, होय, ते हेच हंट. १८३३-३४ च्या सुमारास त्यांनी दोन धाग्यांची टीप घालणारे यंत्र तयार केले. टोकाजवळ नेढे असलेली सुई आणि खाली दुसरा धागा नेणारा धोटा, म्हणजे आज तुमच्या मशीनमध्ये जे आहे त्याचे मूळ त्यात होते. ते यंत्र फक्त सरळ शिवण घालत असे. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायकांचे काम जाईल, असे त्यांच्या मुलीने, कॅरोलिनने, म्हटले होते, हे कारण सांगितले जाते. पुढे १८४६ मध्ये एलियास हाऊ यांनी स्वतंत्रपणे तशाच यंत्राचे पेटंट घेतले. १८५३ मध्ये हंट यांनी अर्ज केला, तेव्हा यंत्र आधी त्यांनीच केल्याचे पेटंट कार्यालयाने मान्य केले, पण वेळेत अर्ज न केल्यामुळे पेटंट हाऊ यांच्याकडेच राहिले. आयझॅक सिंगर यांनी १८५८ मध्ये हंट यांना ५०,००० डॉलर द्यायचे कबूल केले होते. ती रक्कम हाती पडण्यापूर्वीच हंट वारले. पिनेचे ४०० डॉलर या रकमेशेजारी ठेवून पाहिले की मला आजही वाईट वाटते. पेटंटची मुदत त्या काळी १४ वर्षे होती, आणि त्यांतल्या एकाही वर्षाचा पिनेचा नफा त्यांना मिळाला नाही.

सेलूच्या ताईंना प्रदर्शनासाठी एक प्रयोग सुचवतो. तीन मोठ्या पिना करा. पहिली बांधकामाच्या बाइंडिंग तारेची, वेटोळ्यासह. दुसरी स्प्रिंगच्या पोलादी तारेची, वेटोळे न घालता नुसती दुमडलेली. तिसरी त्याच पोलादी तारेची, मोठ्या खिळ्याभोवती दोन वेढे घेऊन. पोलादी तार जाडीला साधारण एक मिलिमीटर असावी. एकतारीची तार पोलादीच असते, पण या कामाला ती फार बारीक पडेल. वेढे मोठ्या माणसाने पक्कड वापरून घालावेत आणि तारेची टोके आधी कानशीने बोथट करावीत, कारण पोलादी तार हातातून सुटली की चाबकासारखी उलटते. मग प्रत्येक पिन दहा वेळा मिटवून सोडावी आणि दर वेळी दोन टोकांमधले अंतर पट्टीने मोजावे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका, सेलू

सर्वांचे मनापासून आभार. प्रयोग काल झाला. बाइंडिंग तारेची पिन पहिल्याच वेळी मिटली ती मिटलेलीच राहिली. वेटोळे असूनही ती उघडली नाही, तेव्हा मुलींनीच म्हटले की नुसते वेटोळे पुरत नाही, तारही चिवट हवी. दुमडलेली पोलादी पिन सुरुवातीला थोडी उघडत होती, पण दर वेळी अंतर कमी भरत गेले. वेटोळ्याची पोलादी पिन दहाव्या वेळीही जवळजवळ पहिल्याइतकीच उघडली. तिन्ही पिनांची मोजमापे आलेखात मांडली आहेत.

तक्त्यावर 'आजच्या रूपातील पिनेचे पेटंट, १८४९' असे लिहिले असून ग्रेस कंपनीचे नाव खोडले आहे. नऊवारी नेसलेल्या त्या आजी प्रदर्शनाच्या दिवशी स्वतः येणार आहेत. कासोटा कसा बसतो हे त्या बाहुलीला नेसवून दाखवतील, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर त्यांची नात मणी ओवलेली पिन घेऊन उभी राहील.